भीमजयंतीला घुमणारा आवाज देवघरात कसा पोहोचला? प्रल्हाद शिंदे यांची गोष्ट

चैत्र लागला की धाराशिव जिल्ह्यात यात्रांचे दिवस सुरू होतात. पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते, चुन्याचे खडे वेचायला गर्दी लोटते. वद्य पक्षात तेरला, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांचा समाधी सोहळा होतो. आणि याच दिवसांच्या आगेमागे येतो १४ एप्रिल. गावोगावच्या भीमनगरांत निळ्या पताका लागतात, रात्री गायन पार्ट्या रंगतात.

तीन वेगळ्या जागा, तीन वेगळी गर्दी. पण भोंग्यावरची गाणी कान देऊन ऐकली तर एक आवाज तिन्हीकडे सापडतो. देवीच्या गाण्यात तोच, विठ्ठलाच्या गाण्यात तोच आणि बाबासाहेबांच्या गाण्यातही तोच.

प्रल्हाद शिंदे.

नाव माहीत नसलेला माणूसही हा आवाज ओळखतो. गणपतीत ‘तूच सुखकर्ता’ आणि आषाढीला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ वाजलं नाही असं महाराष्ट्रातलं गाव शोधावं लागेल. पण हा आवाज कुठून आला, तो ज्या घरातून आला त्या घराला विठ्ठलाच्या देवळात जायला कधीपर्यंत बंदी होती, आणि भीमगीतं गाणारा हा गायक सत्यनारायणाच्या पूजेला हमखास लागणारा आवाज कसा झाला, हे फारसं कुणी विचारत नाही.

सोल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत अशा आवाजांना एक नाव आहे. सोल. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आत्मा, पण संगीतात सोल हा एक ठरावीक प्रकार आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे भक्तिसंगीत गायलं जायचं, त्याला गॉस्पेल म्हणतात. १९५० च्या दशकात काही गायकांनी त्याच गॉस्पेलचा गळा, तीच आर्त हाक, तोच कोरस घेतला आणि प्रेमाची, विरहाची, रोजच्या जगण्याची गाणी गायली. रे चार्ल्स, सॅम कूक, अरेथा फ्रँकलिन ही त्यातली मोठी नावं. अरेथा तर डेट्रॉइटमधल्या धर्मोपदेशकाची मुलगी, चर्चमध्येच गायला शिकलेली.

सोलची ओळख सुरांच्या गोडव्यापेक्षा हाकेत असते. गाणारा मागत असतो, विचारत असतो, कधी भांडत असतो. आणि ज्या समाजाला शतकानुशतकं दारात उभं केलं गेलं, त्या समाजाचा अनुभव त्या हाकेच्या मागे असतो.

मराठीत सोल असा वेगळा कप्पा नाही. भक्तिगीत, लोकगीत, भीमगीत, कव्वाली असे कप्पे आहेत. प्रल्हाद शिंदे या चारही कप्प्यांत बसतात, त्यामुळे एकाही कप्प्यात त्यांचं पूर्ण मोठेपण दिसत नाही. सोल गायक म्हणून त्यांच्याकडे पाहिलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

मंगळवेढा ते पंढरपूर, अंतर फार नाही

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३ चा. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं. मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात येतं, धाराशिवच्या शेजारच्या जिल्ह्यात. वडील भगवानराव आणि आई सोनाबाई दोघंही भजन-कीर्तनात रमणारे. प्रल्हाद त्यांच्यासोबत लहानपणापासून फिरले आणि गायनाची शाळा म्हणाल तर तीच. राग-तालाचं रीतसर शिक्षण देणारी संस्था नव्हती, होती ती माईक नसताना शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायची सवय.

आता मंगळवेढ्याचं एक वैशिष्ट्य बघा. संत चोखामेळ्यांचा मृत्यू १३३८ मध्ये इथेच झाला. गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर म्हणून राबणारे चोखोबा त्याखाली गाडले गेले. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. म्हणजे आयुष्यभर ज्याचे अभंग रचले, त्याच्या देवळाच्या बाहेर.

चोखोबांनंतर सहाशे वर्षं उलटली तरी दलितांसाठी ते दार बंदच राहिलं. १ मे १९४७ ला साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं, ते दहा दिवस चाललं आणि मग विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं. तेव्हा प्रल्हाद शिंदे जेमतेम चौदा वर्षांचे होते. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे.

म्हणजे पंढरीच्या वाटेवर चालण्याचं सगळ्यात प्रसिद्ध मराठी गाणं ज्याने गायलं, त्याचं अख्खं बालपण ते मंदिर आपल्यासाठी बंद असताना गेलं. ‘पाऊले चालती’ पुन्हा ऐकताना ही एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी गाणं बदलतं.

दुसरा प्रवाह: जलसा आणि कव्वाली

भजन-कीर्तन हा एक प्रवाह झाला. दुसरा प्रवाह आंबेडकरी चळवळीचा.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रवाह किती लवकर पोहोचला होता त्याची खूण कसबे तडवळ्यात सापडते. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. तेव्हा हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बाबासाहेबांची बैलगाडीतून निघालेली मिरवणूक त्या भागात आजही सांगितली जाते.

पण बाबासाहेब प्रत्येक गावात जाऊ शकत नव्हते. त्यांचं म्हणणं गावोगाव नेलं ते जलसाकारांनी. सत्यशोधकी जलशांची वाट आधीच तयार होती. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी त्यातूनच आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचाच साचा घेतला आणि गण, गवळण, वग यातला मजकूर बदलला. देवाच्या स्तुतीच्या जागी शिक्षण, पाणी, वतन, जात असे विषय आले. वाचता न येणाऱ्या माणसाला परिषदेतला ठराव गाण्यातून कळायचा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, दोन महिन्यांतच बाबासाहेब गेले आणि या गाण्यांना आणखी एक वळण मिळालं. मुंबईच्या चाळींत, कामगार वस्त्यांत, नंतर मराठवाड्यात आणि विदर्भात भीम-बुद्ध गीतांच्या कव्वाल्या रंगायला लागल्या. आजच्या पिढीला नवल वाटेल, पण सुफी दर्ग्यातून आलेला हा प्रकार आंबेडकरी वस्त्यांनी पूर्ण आपलासा केला. मराठवाड्यात तर उर्दू आणि कव्वाली निजामाच्या काळापासून कानावर होतीच.

कव्वालीचा सामना कसा असायचा? समोरासमोर दोन पार्ट्या. प्रत्येकीची पेटी, ढोलक, तबला, मागे कोरस आणि टाळ्या. एक पार्टी गाण्यातून सवाल टाकणार, दुसरी त्याच चालीत किंवा त्यापेक्षा चढ्या चालीत जवाब देणार. बाबासाहेबांच्या चरित्रातला प्रसंग, बुद्धाची गोष्ट, हुंडा, दारू, पुढाऱ्यांची फूट, काहीही विषय चालायचा. पहाट झाली तरी लोक उठायचे नाहीत. गायकाला शेर आवडला तर लागलीच नोट मिळायची आणि नाही आवडला तर तेही लागलीच कळायचं. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागपूरचे नागोराव पाटणकर ही या दुनियेतली गाजलेली नावं. जिच्यात आपली गाणी वाजतात त्या रेडिओच्या यादीत ही नावं क्वचितच दिसायची.

प्रल्हाद शिंदे मुंबईत या दुनियेत शिरले. सुरुवातीला त्यांनी इस्माईल आझाद कव्वाल यांच्या पार्टीत कोरसमध्ये गायल्याचं सांगितलं जातं. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातल्या ‘हमें तो लूट लिया’ या कव्वालीने देशभर पोहोचलेला आवाज.

कीर्तन आणि कव्वाली हे दोन्ही प्रकार शिंदेंच्या गाण्यात कुठे दिसतात? पहिली हाक कव्वालीची असते. वाद्यं थांबलेली असतात किंवा मागे हळू वाजत असतात, आणि एकदम टिपेचा सूर लागतो. नंतर ठेका धरला की कीर्तनकाराची सवय येते. शब्द स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं, अर्थ एकदाच ऐकून कळला पाहिजे. त्यांच्या गाण्यात हरकती आहेत, पण शब्द गिळून घेतलेली हरकत सापडणं कठीण.

याला एक तांत्रिक बाजूही आहे. गावातल्या भोंग्यातून खर्जातले सूर धड ऐकूच येत नाहीत, मधले आणि वरचे सूर मात्र दोन शेतं ओलांडून जातात. मऊ, खालच्या पट्टीतला, कुजबुजत गाणारा आवाज भोंग्यावर मरतो. शिंदेंचा आवाज भोंग्यासाठीच घडवल्यासारखा होता. शहरातल्या समीक्षकांनी अशा आवाजाला रांगडा म्हटलं. पण हा रांगडेपणा कमावलेला होता.

एका तव्याच्या दोन बाजू

ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आपण ज्याला एचएमव्ही म्हणायचो ती, मराठी लोकगीतं आणि भक्तिगीतं बाजारात आणत होतीच. तिथे शिंदेंचा आवाज पोहोचला आणि गणित बदललं.

कव्वालीच्या सामन्यात एक गाणं अर्धा तास चालायचं. जुन्या तव्याच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. त्यामुळे सगळा जीव पहिल्या ओळीत ओतावा लागायचा. दत्ता पाटील, हरेंद्र जाधव यांच्यासारखे गीतकार आणि मधुकर पाठक यांच्यासारखे संगीतकार या कामात तरबेज होते. साधे शब्द, ओळखीची चाल, आणि दुसऱ्यांदा ऐकताना श्रोत्याने सोबत गायलाच पाहिजे असं धृपद.

यातले हरेंद्र जाधव थोडे थांबून बघण्यासारखे आहेत. मूळचे नाशिक जिल्ह्यातले, मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक, जन्मसाल शिंदेंचंच म्हणजे १९३३. गणपतीचं ‘तूच सुखकर्ता’ त्यांनी लिहिलं. आणि भीमजयंतीला हटकून वाजणारं ‘पहा पहा मंजुळा’ हेही त्यांचंच. म्हणजे महाराष्ट्रातल्या सवर्ण घरांच्या गणेशोत्सवात सगळ्यात जास्त वाजणाऱ्या गाण्यांपैकी एक गाणं आंबेडकरी कवीने लिहिलं आणि आंबेडकरी गायकाने गायलं. २०२२ च्या जानेवारीत हरेंद्र जाधव गेले तेव्हा अनेकांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

मग ‘चल गं सखे पंढरीला’, ‘चंद्रभागेच्या तीरी’, ‘दर्शन दे रे’, ‘जैसे ज्याचे कर्म’ अशी रांगच लागली. सोबत सत्यनारायणाची कथा, देवीची गाणी, नवरा-बायकोच्या भांडणाची विनोदी गाणी. आणि भीमगीतं तर होतीच.

या सगळ्यात शिंदेंचं खरं रूप दाखवणारं एक गाणं निवडायचं तर ‘आता तरी देवा मला पावशील का’. शीर्षकातला ‘आता तरी’ नीट वाचा. याआधी पावला नाहीस, हे त्यात आलंच. नेहमीचं भक्तिगीत देवापुढे हात जोडतं, हे गाणं देवाला जाब विचारतं. शिंदे ते गाताना लाडिक होत नाहीत आणि रडतही नाहीत. खूप वेळ दारात उभा असलेला माणूस जसा एकदा शेवटचं म्हणून मोठ्याने विचारतो, तसा तो सूर आहे. मराठीत सोल म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर हे गाणं लावावं आणि गप्प बसावं.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. तवा आणि रेकॉर्ड प्लेअर ही चैनीची वस्तू होती, कॅसेट आणि टेपरेकॉर्डर हळूहळू शेतमजुराच्या घरातही आले. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, टी-सिरीज आणि व्हीनससारख्या कंपन्या आल्या, शिवाय गल्लीबोळातल्या छोट्या कंपन्या वेगळ्याच. एका कॅसेटमध्ये आठ-दहा गाणी, किंमत परवडणारी आणि विक्रीची जागा थेट देवळासमोर. तुळजापूर, पंढरपूर, जेजुरी अशा ठिकाणी प्रसादाच्या आणि कुंकवाच्या दुकानांत कॅसेटचे ढीग लागायला लागले. तुळजापूरहून घरी जाताना देवीचा फोटो, कवड्यांची माळ आणि सोबत एक कॅसेट, हे ठरून गेलं. तीच गत भीमजयंतीच्या आणि चैत्यभूमीच्या स्टॉलवर. दोन्हीकडच्या ढिगाऱ्यांत प्रल्हाद शिंदेंचा फोटो असलेली कव्हरं असायची.

मग विश्वासाचं काय?

आता अवघड प्रश्न. १९५६ ला बाबासाहेबांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मग आंबेडकरी घरातल्या गायकाने गणपतीची आणि विठ्ठलाची गाणी का गायली?

चळवळीतून हा प्रश्न विचारला गेला आणि तो खोटा नव्हता. वामनदादा कर्डक यांचं उदाहरण समोर होतं. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या वामनदादांनी आयुष्यभर चळवळीसाठी लिहिलं आणि गायलं, खांद्यावर झोळी टाकून गावोगाव फिरले. त्यांच्या शेजारी ठेवल्यावर शिंदेंचा मार्ग काहींना तडजोडीचा वाटला तर नवल नाही.

सोलच्या जगात हेच भांडण उलट्या दिशेने झालं. सॅम कूक हा ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल गटाचा लाडका गायक. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने प्रेमगीत गायचं ठरवलं तेव्हा चर्चचे श्रोते बिथरतील या भीतीने पहिली रेकॉर्ड ‘डेल कुक’ या नावाने काढली. लोकांनी आवाज ओळखलाच आणि नाराजीही ओढवली. तिथे देवाकडून दुनियेकडे गेल्याचा राग होता, इथे चळवळीकडून देवाकडे गेल्याचा.

शिंदेंच्या बाजूने काय म्हणता येईल? पहिली गोष्ट सरळ पोटापाण्याची. कंपनी जे विकलं जाईल ते मागते आणि भक्तिगीत वर्षभर विकलं जातं. भीमगीतांच्या कार्यक्रमांचा हंगाम एप्रिलपासून काही आठवड्यांचा, पोट बारा महिने. दुसरी गोष्ट घराची. विठ्ठल त्यांच्याकडे धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी, आई-वडिलांच्या भजनातून आलेला होता. चोखोबा, सोयराबाई, कर्ममेळा यांची परंपरा हीसुद्धा देवाशी भांडणाऱ्यांचीच. आणि तिसरी गोष्ट अशी की त्यांनी भीमगीतं लपवून गायली नाहीत, सोडली तर नाहीतच. सॅम कूकसारखं दुसरं नाव घ्यावं लागलं नाही. एकाच नावाने दोन्हीकडे उभे राहिले.

तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही आणि तो सोडवायचा भार एकट्या गायकावर टाकणंही बरोबर नाही. कारण दुसऱ्या बाजूला कुणी प्रश्न विचारलाच नाही. ज्या घरांनी शिंदेंच्या आवाजात सत्यनारायणाची कथा लावली, त्यातल्या किती घरांत त्या काळी त्यांच्या समाजातल्या माणसाला माजघरात बसवून चहा मिळाला असता? आवाज देवघरापर्यंत गेला, कॅसेटवरचं नाव वाचून आडनावापलीकडे चौकशी झाली नाही. शिंदे हे आडनाव मराठ्यांत, महारांत, मातंगांत, अनेक जातींत आहे, हाही त्यातला एक योगायोग.

पैसा कुणाला मिळाला?

कॅसेटच्या काळात प्रादेशिक गायकांचा बहुतेक व्यवहार एकरकमी असायचा. स्टुडिओत या, गाणी म्हणा, पैसे घ्या, सही करा. पुढे कॅसेट हजार विकली गेली काय किंवा लाख, गायकाच्या हातात त्याचा हिस्सा सहसा येत नव्हता. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा. भारतीय कायद्यात तो प्रकाशनापासून ६० वर्षं राहतो. म्हणूनच आज मोबाइलवर एखादं जुनं भक्तिगीत लावलं की खाली कंपनीचं नाव ठळक दिसतं.

गायकांना गाण्याच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क देणारी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झाली. तिच्या आधारे गायकांची हक्क संस्था २०१३ मध्ये उभी राहिली. प्रल्हाद शिंदे तोपर्यंत हयात नव्हते.

२००४ चा जून

२००४ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या अंतराने दोघं गेले. १५ मे ला वामनदादा कर्डक आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. त्या वर्षी आषाढी एकादशी जूनच्याच शेवटच्या दिवसांत होती. शिंदे गेले तेव्हा दिंड्या पंढरीच्या वाटेवर होत्या.

घराणं पुढे कुठे गेलं?

दिनकर, आनंद आणि मिलिंद ही तिन्ही मुलं गायक झाली. आनंद शिंदे यांनी १९८० च्या दशकातच ‘नवीन पोपट’ गाऊन घराण्याची गाडी वेगळ्याच रस्त्याला लावली. भक्तिगीत ऐकणाऱ्या कानांना ते गाणं खटकलं, पण लग्नाच्या वरातीला ते हवंच होतं. त्या एका गाण्यामुळे आनंद शिंदेंच्या भीमगीतांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही असंही झालं नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकांत त्यांचा आवाज वडिलांइतकाच वाजतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये महाविकास आघाडी सरकारने राज्यपालनियुक्त आमदारकीसाठी बारा नावं पाठवली त्यात आनंद शिंदे यांचं नाव होतं. ती यादी राजभवनात पडून राहिली तो किस्सा सगळ्यांना माहीत आहे.

नातवांमध्ये हर्षद, उत्कर्ष आणि आदर्श ही आनंद शिंदेंची मुलं. उत्कर्ष डॉक्टर असून गातात, २०२१ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात दिसले. आदर्श शिंदे यांचा गळा मात्र थेट आजोबांचा. २०१४ च्या ‘पोश्टर बॉईज’ चित्रपटात वडिलांसोबत डीजेचं गाणं गाऊन त्यांनी वराती हलवल्या.

त्याच्या वर्षभर आधी, २०१३ मध्ये, ‘दुनियादारी’ आला होता. त्यातलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ महाराष्ट्राने आदर्श शिंदेंच्या आवाजात ऐकलं. त्यातही सूर चढतो तो देवाकडे तक्रार घेऊनच.